पांच, पण कशाचे ?

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पहिलेंच स्टेशन शहाडचें. त्याच्या पुढें गाडी उल्हास नदीचा पूल ओलांडते आणि आंबिवलीस पोंचते. शहाडच्या फलाटावर उतरलेल्या एखाद्या परक्या माणसानें तेथील विठ्ठलमंदिराची वाट विचारली, तर त्यास मिळणारें उत्तर सांगणाराच्या वयावर आणि धंद्यावर अवलंबून राहतें. एक म्हणेल, "हें काय, हाकेच्या अंतरावर." रिक्षावाला मिनिटांत सांगेल. एखादे वृद्ध गृहस्थ अजूनहि फर्लांगांत बोलतील, आणि शाळकरी मुलगा खिशांतला फोन काढून मीटरांचा आंकडा वाचून दाखवील. चौघांच्याहि बोलण्यानें विचारणारा गोंधळत नाहीं. कारण माणूस अंतर सांगतो तेव्हां आंकड्याबरोबर मापाचें नांवहि सांगतो, आणि तें सांगावयाचें राहिलेंच, तर ऐकणारा "पांच काय?" म्हणून उलट विचारतो.

यंत्र उलट विचारीत नाहीं. "शहाड स्टेशनापासून पांचाच्या आंत असलेलीं सर्व रुग्णालयें दाखव," असा प्रश्न संगणकांत सांठविलेल्या भौगोलिक माहितीस केला, म्हणजे तो निमूटपणें उत्तर देतो. हे पांच मैल, किलोमीटर, मीटर कीं आणखी कांहीं, हें त्याच्या कर्त्यानें आधींच ठरवून ठेवलेलें असतें, आणि विचारणारास तें ठाऊक असेलच असें नाहीं. रात्रीं अपरात्रीं रुग्णवाहिका कोठून बोलवावयाची हें आज अशा प्रश्नांवर ठरतें. म्हणून या मुक्या पांचाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. त्याचा माग काढूं लागलें म्हणजे तो थेट गाईच्या हंबरण्यापर्यंत जाऊन पोंचतो.

कोस हा शब्द संस्कृत 'क्रोश' यापासून आला, आणि क्रोश म्हणजे ओरडणें. मोठ्यानें घातलेली हाक जेथवर जाईल तो क्रोश. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत याच जातीचें 'गोरुत' नांवाचें माप आहे. गाईचें हंबरणें ऐकूं येईल तें अंतर, असा त्याचा अर्थ, आणि अशा चार गोरुतांचें एक योजन. म्हणजे शहाडच्या फलाटावर आज कोणी "हाकेच्या अंतरावर" म्हणतो, तो कोसाचीच मूळ व्याख्या नकळत उच्चारीत असतो. परंतु हाक वाऱ्यावर अवलंबून असते, आणि राज्यकारभार व गणित यांस तेवढ्यानें भागत नाहीं. भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास लीलावतीच्या आरंभींच कोष्टक घालून दिलें : आठ यवांचें एक अंगुल, चोवीस अंगुलांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा क्रोश आणि चार क्रोशांचें योजन. हात दीड फुटाचा धरला तर हा क्रोश १२,००० फूट, म्हणजे सव्वादोन मैलांहून किंचित् अधिक भरतो. कोष्टकांत कोठेंहि खोट नाहीं. खोट एवढीच कीं, हात कोणाचा हें त्यांत सांगतां येत नाहीं. अकबराच्या दरबारानें इलाही गज ठरविला व ५,००० गजांचा कोस केला, तरी गांवोगांवचे कोस आपापल्या परीनें लांब-आंखूड राहिलेच. बारा कोसांवर भाषा बदलते असें आपल्याकडे म्हणतात. खरें म्हणजे भाषेबरोबर कोसहि बदलत असे.

अंतराच्या मापांत लबाडी शिरली तर पोटावर पाय येतो, हें शेतकऱ्याइतकें दुसऱ्या कोणास कळत नाहीं. शिवाजी महाराजांच्या राज्यांत अण्णाजी दत्तो यांनीं जमिनीची पाहणी केली, तेव्हां काठीचें माप पांच हात व पांच मुठी असें ठरविण्यांत आलें. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. सभासदानें हें सारें आपल्या बखरींत नोंदवून ठेविलें आहे. राजाच्या पराक्रमाच्या कथेंत काठीच्या लांबीस जागा मिळावी, यांतच त्या काठीचें महत्त्व आलें. काठी चार बोटें आंखूड झाली, तर तेंच शेत कागदावर मोठें होतें आणि साराहि त्याबरोबर वाढतो.

इंग्रजांनीं काठीच्या जागीं सांखळी आणली. एडमंड गंटर यानें १६२० त प्रचारांत आणलेली सांखळी ६६ फुटांची. अशा ८० सांखळ्यांचा एक मैल, आणि दहा चौरस सांखळ्यांचा एक एकर. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणींत तिच्या निम्मी, ३३ फुटांची सांखळी वापरीत व तिचे सोळा भाग करून त्यांस 'आणे' म्हणत. रुपयाचे सोळा आणे ज्या लोकांच्या अंगवळणीं पडले होते, त्यांना सांखळीचेहि सोळाच भाग सोंपे जाणार हें ज्यानें ओळखलें, त्याच्या व्यवहारज्ञानाचें कौतुक केलें पाहिजे. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा हा शब्द कानांस देशी वाटतो, पण त्याची लांबीरुंदी गंटरच्या सांखळीची आहे. शहाडच्या आसपास आज गगनचुंबी इमारती उठल्या असल्या तरी जमिनीचा सौदा अजून गुंठ्यांत बोलला जातो.

मैल मात्र आगगाडीबरोबर घरोघर पोंचला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदर ते ठाणें हा २१ मैलांचा मार्ग खुला झाला, १ मे १८५४ रोजीं तो कल्याणास आला, आणि १ ऑक्टोबर १८५५ पासून शहाडच्या भूमीवरून गाडी वासिंदपर्यंत धांवूं लागली. रेल्वेचें अंतर रुळांवरून मोजतात. नदीसाठीं पूल लागतो आणि घाटासाठीं वळण, तीं सारीं त्या आंकड्यांत येतात. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलें अंतर निराळें. कल्याण ते शहाड या सुमारें तीन किलोमीटरांत हा भेद फारसा जाणवत नाहीं. पण उल्हासच्या कांठीं उभ्या असलेल्या माणसास पैलतीरावरचें घर डोळ्यांसमोर दिसत असतें व तेथें जाण्यास पुलावरून वळसा घ्यावा लागतो, हें त्या परिसरांतल्या प्रत्येकास ठाऊक आहे. सरळ रेषेला नदी दिसत नाहीं. आणि संगणकास साधें अंतर विचारलें, तर तो सरळ रेषेचेंच सांगतो.

येथपर्यंतचीं मापें सारीं जमिनीवर आडवीं टाकून मोजण्याचीं होतीं. अगदीं निराळ्या जातीचें माप हिंदुस्थानच्या नकाशांत शिरलें तें विल्यम लॅम्टन याच्या हातून. १० एप्रिल १८०२ रोजीं त्यानें मद्रासजवळ सेंट टॉमस माउंटपाशीं सुमारें साडेसात मैलांची पायारेषा शंभर फुटी पोलादी सांखळीनें मोजण्यास आरंभ केला, आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण उभारीत तो पुढें निघाला. एक बाजू सांखळीनें मोजावयाची व पुढचें सारें अर्ध्या टनाच्या थिओडोलाइटनें कोन घेऊन गणितानें काढावयाचें, ही त्याची पद्धति. पृथ्वीचा आकारच मोजून काढावा, ही त्याची महत्त्वाकांक्षा होती. वीस वर्षें हें काम केल्यावर जानेवारी १८२३ मध्यें वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेंच आहे. पृथ्वी मोजावयास निघालेला पुरुष महाराष्ट्राच्या मातींत विसावला आहे, याची जाणीव हिंगणघाटाबाहेर फारशी नसावी, ही खेदाची गोष्ट होय. त्याचें काम जॉर्ज एव्हरेस्ट यानें पुढें नेलें व १८३० त पृथ्वीच्या आकाराचे आंकडे प्रसिद्ध केले. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित् चपटी. तें चपटेपण आणि विषुववृत्ताची त्रिज्या मिळून जो गोल होतो, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे शतकाहून अधिक काळ बसविले गेले.

या मोजणीमुळें गांवाचा पत्ता अंशांत सांगतां येऊं लागला. शहाड सुमारें १९·२४ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३·१६ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आंकडे दिले म्हणजे जगांतील कोणासहि शहाड सांपडतें. पण अंश हें अंतर नव्हे. तो पृथ्वीच्या मध्यबिंदूशीं होणारा कोन आहे. त्याचे किलोमीटर किती, हें कोठें उभें राहून व कोणत्या दिशेनें मोजतां त्यावर ठरतें. शहाडच्या अक्षांशावर उत्तरदक्षिण एक अंश म्हणजे सुमारें ११०·७ किलोमीटर, पण पूर्वपश्चिम एक अंश १०५·१ किलोमीटरच. श्रीनगरास तोच पूर्वपश्चिम अंश ९२ किलोमीटरांवर येतो, आणि ध्रुवावर तर कांहींच उरत नाहीं. शहाडभोंवतीं नकाशावर ०·०३ अंशांचें वर्तुळ काढलें, तर जमिनीवर तें वर्तुळ राहत नाहीं. उत्तरदक्षिण ३·३२ आणि पूर्वपश्चिम ३·१५ किलोमीटर पसरलेला लंबगोल होतो.

अंशाचे मैल चुकले म्हणजे काय होतें, याचें उदाहरण जगाच्या इतिहासांत मोठें गमतीचें आहे. नवव्या शतकांतील ज्योतिषी अल्-फर्गानी यानें एका अंशाचें माप ५६ पूर्णांक दोन तृतीयांश मैल दिलें होतें. ते मैल अरबी होते. कोलंबसानें तो आंकडा घेतला आणि मैल मात्र त्याहून बरेच आंखूड, रोमन धरले. त्यामुळें त्याची पृथ्वी खऱ्या पृथ्वीपेक्षां पुष्कळच लहान झाली, आशिया पश्चिमेकडून अगदीं जवळ वाटूं लागला, आणि १४९२ त तो निघाला. वाटेंत अमेरिका आडवी आली म्हणून तो वांचला. आंकडा बरोबर, मापाचें नांव चुकीचें : संगणकांतील चुकीचें याहून नेमकें वर्णन करतां येणार नाहीं.

दर्यावर्दी लोकांनीं पुढें यावर शहाणा तोडगा काढला. अंशाचा साठावा भाग, म्हणजे एक कला, तोच एक सागरी मैल; १९२९ सालीं मोनाको येथील परिषदेंत तो १,८५२ मीटरांचा ठरला. फ्रेंचांचा मीटरहि पृथ्वीच्याच पोटांतून निघालेला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा कोट्यंश तो मीटर, असें त्यांनीं ठरविलें, व त्यासाठीं डंकर्क ते बार्सिलोना मोजणी केली. ती तिळभर चुकली, पण पट्टी ठरून गेली होती. स्वतंत्र भारतानें १९५६ त मापांचा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापें प्रचारांत येऊं लागलीं. मैलाच्या दगडांवर किलोमीटर आले; 'मैलाचा दगड' हें नांव मात्र अजून तसेंच आहे.

आतां संगणकाकडे वळतां येईल. शहाड, कल्याण, प्रत्येक रुग्णालय, प्रत्येक थांबा यांचे अक्षांश-रेखांश माहितीच्या साठ्यांत नोंदलेले असतात, आणि प्रश्न येतो : शहाडपासून पांचाच्या आंत काय काय आहे? साठा मीटर मानणारा असेल तर तो फलाटावरच्या एका बांकाएवढी जागा शोधतो आणि "कांहीं नाहीं" असें सांगतो. किलोमीटर मानले तर कल्याण व उल्हासनगर येथील रुग्णालयें सांपडतात, आणि विचारणाराच्या मनांत बहुधा हेंच असतें. पांच कोस म्हणावे तर भास्कराचार्यांच्या हिशेबानें सुमारें अठरा किलोमीटर होतील. साठा अंश मानणारा असेल, तर शहाडच्या रुग्णास अहमदाबाद, इंदूर आणि पणजी येथील रुग्णालयें "जवळचीं" म्हणून दाखविलीं जातील. नागपूर मात्र बाहेर राहील. आणि रेडियन मानणारा असेल, तर काय विचारावें ! रेडियन म्हणजे त्रिज्येइतक्या कंसाचा कोन. पृथ्वीची अर्धी प्रदक्षिणा सव्वातीन रेडियनांहूनहि कमी आहे, म्हणून पांच रेडियनांच्या आंत जगांतील एकूणएक रुग्णालय येतें. प्रश्न एक, आंकडा एक, आणि उत्तर रित्या ओंजळीपासून अख्ख्या पृथ्वीपर्यंत.

हा कल्पनाविलास नव्हे. हीं मापें निरनिराळ्या प्रचलित साठ्यांत, कधीं तर एकाच साठ्यांत, खरोखरच आहेत. पोस्टजीआयएस या साठ्यांत साध्या भूमितीच्या रकान्यांत अक्षांश-रेखांश ठेवून अंतर विचारलें तर उत्तर अंशांत येतें. कल्याण-शहाड म्हणजे ०·०३. यामुळें लोक इतके फसूं लागले कीं, २०१० सालीं त्याच्या कर्त्यांनीं 'भूगोल' या अर्थाचा एक वेगळा रकाना सुरू केला, आणि तो मीटरांत उत्तर देतो. मोंगोडीबी या साठ्यांत बिंदु नव्या रीतीनें लिहिला असेल तर कमाल अंतर मीटरांत द्यावें लागतें, जुन्या रीतीनें नुसती आंकड्यांची जोडी लिहिली असेल तर रेडियनांत. म्हणजे प्रश्न न बदलतां नुसती नोंदीची रीत बदलली तर मापहि बदलतें, आणि तक्रार करण्यास कोणी नाहीं. याच साठ्यांत रेखांश आधीं व अक्षांश नंतर लिहावा लागतो. नकाशावर बोट ठेवणारा सामान्य माणूस नेमकें उलट बोलतो. आंकडे उलटे पडले म्हणजे शहाड नॉर्वेच्या उत्तरेस गारठलेल्या समुद्रांत जाऊन पडतें. रेडिस नांवाच्या साठ्यानें मात्र अधिक सरळ मार्ग धरला. मीटर, किलोमीटर, मैल, फूट यांपैकीं एक शब्द विचारणारानें प्रश्नांतच लिहिला पाहिजे. "पांच काय?" हा माणसाचा प्रश्न त्यानें यंत्राच्या तोंडीं घातला, आणि या सर्वांत तोच शहाणपणाचा वाटतो.

रेडियनांचे किलोमीटर करावयाचे म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येनें गुणावें लागतें, आणि येथें लॅम्टनचा जुना प्रश्न पुन्हां उभा राहतो : त्रिज्या कोणती? मोंगोडीबीच्या मार्गदर्शिकेंत ६,३७८·१ किलोमीटर सांगितली जाई. रेडिस सुमारें ६,३७२·८ धरतो. कल्याण-शहाडास हा फरक दोन-तीन मीटरांचा, पण शहाड-दिल्ली अंतरांत तो किलोमीटराच्या घरांत जातो. दोघेहि पृथ्वीस शुद्ध गोल मानतात. ती चपटी आहे हें लक्षांत घेऊन हिशेब करणारे साठे आहेत, पण ते थोडे मंद चालतात.

याहून मनोरंजक गोष्ट पुढेंच आहे. जगांतील तेलसंशोधक कंपन्यांच्या मोजणीतज्ज्ञांनीं पृथ्वीवरील सर्व मापांचें व मोजणीपद्धतींचें एक कोष्टक जमविलें, आणि आज बहुतेक भौगोलिक साठे त्यावर चालतात. त्या कोष्टकांत आंतरराष्ट्रीय फूट ०·३०४८ मीटरांचा आहे. त्याखेरीज 'भारतीय फूट' म्हणून वेगळ्या नोंदी आहेत : १९३७ चा ०·३०४७९८४१ मीटर, १९६२ चा ०·३०४७९९६ आणि १९७५ चा ०·३०४७९९५. या देशाची मोजणी ज्या लोखंडी पट्ट्यांवर झाली, त्यांचें मीटरांशीं नातें वेळोवेळीं निराळें ठरत गेलें, त्याच्या या खुणा. फरक केसाहून बारीक. पण १९३७ चा फूट व आंतरराष्ट्रीय फूट यांची गल्लत केली तर हजार किलोमीटरांत पांच मीटरांचें अंतर पडतें. एव्हरेस्टच्या काळचें लोखंड अशा रीतीनें आजच्या संगणकाच्या पोटांत जाऊन बसलें आहे.

गोलाचें तर याहून ठळक. कृत्रिम उपग्रह ज्या पृथ्वीवर स्थान सांगतात ती १९८४ सालीं ठरलेली आहे. तिची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर. एव्हरेस्टची पृथ्वी त्याहून आठशें-साडेआठशें मीटरांनीं लहान होती व तिचें केंद्रहि निराळ्या ठिकाणीं होतें. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानें भारतांत दोन मालिका केल्या : संरक्षणासाठींचे नकाशे एव्हरेस्टच्या किंवा १९८४ च्या गोलावर, आणि सर्वांसाठीं खुले नकाशे १९८४ च्या गोलावर. जुन्या नकाशावरून शहाडचे अक्षांश-रेखांश उचलून ते कांहींहि न बदलतां उपग्रहाच्या नकाशावर ठेवले, तर गांव शंभर मीटरांच्या आसपास सरकतें. स्टेशनाजवळ शंभर मीटर म्हणजे रुळांच्या एका बाजूचें घर दुसऱ्या बाजूस जाणें. नदीकांठीं म्हणजे कोरड्या जमिनीवरचें शेत पाण्यांत जाणें.

जमिनीच्या नोंदी संगणकांत चढविण्याचें काम महाराष्ट्रांत चाललें आहे. ३३ फुटी सांखळीनें व आण्यांनीं मोजलेले जुने गांवनकाशे उपग्रहाच्या चित्रावर बसवावयाचे, तर आधीं आण्याचे फूट, मग फुटांचे मीटर आणि शेवटीं मीटरांचे अंश असा प्रवास करावा लागतो. त्यांत एका पायरीवर मापाचें नांव लिहावयाचें राहिलें, तर ती चूक आंकड्यांत दिसत नाहीं. बांधावर दोन भाऊ उभे राहतात तेव्हां ती दिसते.